आक्काचा डावा डाव

मामांचा एक नियम होता. ओला चमचा दाराबाहेर जाणार नाही.

गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कुणी म्हणे, उद्या प्रवासाला निघालोय. कुणी म्हणे, फक्त बायकोला दाखवतो आणि परत आणून देतो. मामा मान हलवत. आडवी, एकदाच. मग हातातल्या सुरीने कोपऱ्यातलं खोकं दाखवत. खोक्यात ढलप्या, आणि ढलप्यांच्या पोटात चमचे. ज्या फांदीचा चमचा, त्याच फांदीच्या ढलप्या.

"आपल्या माणसांत वाळू द्या त्याला," ते म्हणत. "पंधरा दिवसांनी या."

ओल्या लाकडाचं असं असतं. कापायला ते सोपं. लोण्यासारखं कापलं जातं असं लोक म्हणतात, ते खोटं आहे. ते कच्च्या बटाट्यासारखं कापलं जातं. सुरी आत जाताना पाणी सुटतं आणि बोटं गार पडतात. पण चमचा झाला म्हणजे काम झालं असं नाही. घाईने वाळवला तर बाहेरची कातडी आधी आकसते, आत ओल तशीच राहते. मग एखाद्या दुपारी, कुणी हातही लावलेला नसताना, टक् असा आवाज येतो. दांड्याच्या टोकापासून मानेपर्यंत चीर.

तो आवाज मामांनी विसाव्या वर्षी ऐकला होता. नियम त्या दिवसाचा.

तेव्हा ते आक्काच्या खानावळीत भांडी घासत. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिने खानावळ मांडली आणि छत्तीस वर्षं चालवली. स्वयंपाकाला बायका होत्या. वाढायला मात्र ती एकटी. भाताचा एक डाव, रश्शाचा एक डाव. डाव म्हणजे तिच्या हातातला तो लांब दांड्याचा मोठा चमचा. पहिल्या पानाला जेवढं, तेवढंच शेवटच्या पानाला. एकदा कुणी ट्रक ड्रायव्हर लाडात येऊन म्हणाला, "आक्का, वाढणारी आपली असली की म्हणे शेवटी बसलं तरी चालतं." आक्का म्हणाली, "मी कुणाचीच नाही. ताट पुढे कर."

भाऊ स्वयंपाकघरात कामाचा नव्हता. पाणीसुद्धा करपवेल, असं ती म्हणे. म्हणून भांडी. एके दिवशी ऐन गर्दीत घासता घासता त्याच्या हातून पितळी डावाचा दांडा निखळला. आक्काने त्याला मागच्या अंगणात हाकललं. अंगणात वाऱ्याने मोडलेली एक फांदी पडली होती. त्याने कुऱ्हाड घेतली, भाजी चिरायची सुरी घेतली, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत एक डाव कोरला. ओबडधोबड, पण डावच. आक्काची बोलणी चुकवायची म्हणून चुलीच्या उबेला ठेवून घाईघाईने वाळवला. दुपारी तिसऱ्या माणसाला वाढताना तो तिच्या हातात टक् करून फुटला. सगळी खानावळ हसली. आक्का हसली नाही. तिने तशाच फुटक्या डावाने उरलेले चाळीस लोक जेवू घातले. मग म्हणाली, "तार आण." दांड्याला तार गुंडाळली, आणि तोच डाव एकोणीस वर्षं वापरला.

खानावळ बंद होऊन सहा वर्षं झाली. तो डाव अजून तिच्या पलंगामागच्या भिंतीवर खिळ्याला आहे. तार काळी पडली आहे.

मामांनी लग्न केलं नाही. का, हे कुणी विचारलं तर म्हणत, "कुणी विचारलंच नाही." अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत ते सकाळी सातला बसत. बसायला एक ओंडका. छातीवर टायरच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला, कारण सुरी स्वतःकडे ओढायची असते. डावीकडे पाण्याने भरलेल्या दोन बादल्या, त्यांत बुडवून ठेवलेले फांद्यांचे तुकडे. समोर कुऱ्हाड, तासायला वाकस, एक सरळ सुरी आणि पोट कोरायची एक वाकडी सुरी. चमच्याच्या भागांना त्यांची नावं साधी होती. पोट, ओठ, मान, दांडा. "माणसासारखंच," ते म्हणत, "फक्त बोलत नाही." केसांत नेहमी दोन-चार ढलप्या. म्हणून आक्का त्यांना ढलप्या म्हणे. ते नाव तिच्याशिवाय कुणी घेतलेलं चालत नसे.

चमचा पुरा झाला की मामा तो आधी स्वतःच्या तोंडाशी नेत. रिकामाच. ओठ कुठे टेकतो, कड बोचते का, पोट जास्त खोल तर नाही. मग पुसून बाजूला. चाळीस वर्षांत ही तपासणी त्यांनी कधी चुकवली नाही. तेच पुढे नडलं.

तीन महिन्यांपूर्वी आक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. शब्द एकेक करून येत, पण धार तशीच. डावा हात चालत होता, मात्र त्याचं मनगट जुनं मोडलेलं. खानावळीतलं मोठं पातेलं कधीतरी त्यावर आदळलं होतं, तेव्हापासून ते वळत नसे. साधा चमचा तिने डाव्या हातात धरला की तो तोंडाकडे वळेपर्यंत अर्धा रिकामा होई. उरलेलं गळ्यावर.

दोनदा तिने प्रयत्न केला. तिसऱ्यांदा चमचा भिंतीवर फेकला.

आणि भरवून घेईना. तिची मुलगी, म्हणजे मामांची भाची, शाळेच्या ऑफिसात कारकून. सकाळी जाण्याआधी, दुपारी सुट्टीत, संध्याकाळी आल्यावर ती वाटी घेऊन बसे.

"आई, एक घास."

आक्का ओठ मिटून घेई.

"आई, माझ्यासाठी."

ओठ मिटलेले.

"मामा, तुम्ही सांगा हिला."

मामा सांगत. आक्का त्यांच्याकडे अशी बघे की मामा वाटी खाली ठेवत. छत्तीस वर्षं जिने दुसऱ्यांना वाढलं, ती आता तोंड उघडून बसणार नव्हती. रात्रंदिवस दूध आणि पाणी. तेही कप स्वतः धरून, कण्हत.

त्या सोमवारी डॉक्टर घरी आले. वयाने भाचीएवढेच. वजन पाहिलं. आणखी तीन किलो उतरलं होतं.

"असं नाही चालणार," ते म्हणाले. "पुढच्या सोमवारी मी दुपारी जेवणाच्या वेळेला येतो. माझ्यासमोर अर्धी वाटी पोटात गेली पाहिजे. तुम्ही भरवा नाहीतर त्या स्वतः खाऊ देत. नाही गेली, तर नाकातून नळी घालावी लागेल. मग माझा नाइलाज आहे."

डॉक्टर गेले. आक्का छताकडे बघत म्हणाली, "नळी... घातली... तर... उपटेन."

"आई!"

"दोनदा... घातली... दोनदा उपटेन."

ती उपटेल, हे मामांना ठाऊक होतं. सुंभ जळेल, पीळ जळणार नाही. आणि ती उपटेल, मग पुन्हा घालतील, मग हात बांधून ठेवतील. आक्काचे हात बांधलेले. मामांनी पुढचा विचार केला नाही.

भाचीने फोन पुढे केला. "मामा, हे बघा. असे चमचे मिळतात. अशा माणसांसाठीच."

फोटोत एक जाड दांड्याचा चमचा होता. पोट समोर नव्हतं, एका बाजूला वळलेलं. मनगट वळवायला नको, चमचाच तोंडाकडे वळलेला.

"मागवू? बुधवारी येईल."

"कोणता बुधवार?"

भाचीने पाहिलं. "सोमवारनंतरचा."

मामांनी फोन परत दिला. "हा मी करतो," ते म्हणाले.

सांगायला सोपं होतं. सरळ लाकडातून असा वाकडा चमचा काढता येतो, पण तो टिकत नाही. लाकडाच्या रेषा सरळ जातात, चमचा वळतो, आणि नेमकी वळणावर रेषा तुटते. मानेत मोडतो. आक्काच्या तोंडात मोडला तर? म्हणून रेषाच वळलेल्या हव्या. म्हणजे फांदीच वाकडी हवी. कुठे थोडीशी वाकडी नाही, कोपरासारखी.

मंगळवारी सकाळी छाटणीवाला आला. रस्त्याकडेची आणि बागेतली झाडं छाटायचं त्याच्याकडे काम. मामांना लागणाऱ्या फांद्या तोच हातगाडीवरून आणे.

"मामा, आज मस्त सरळ माल आहे. बघा, काठीसारखा."

"नको. वाकडं दाखव."

"वाकडं?" छाटणीवाला हसला. "सगळं जग सरळ मागतं. तुम्हीच एकटे वाकड्यात शिरता."

"इथून." मामांनी स्वतःचं कोपर वाकवून दाखवलं. "एवढं. जास्त नाही, कमी नाही."

"अहो, फांदी म्हणजे काय, लोहाराने वाकवून दिलेला गज आहे?"

"दुपारपर्यंत बघ."

"कुणासाठी?"

"आक्कासाठी."

छाटणीवाल्याने गाडीचा दांडा खाली ठेवला. त्याने सहा वर्षं आक्काच्या हातचं खाल्लं होतं, आणि एक डाव जास्त मागितल्याबद्दल एकदा सगळ्यांसमोर बोलणीही खाल्ली होती. तो निघून गेला. बाराच्या सुमारास परत आला. गाडीवर एकच फांदी. तुतीची, मनगटाएवढी जाड. मध्यात वळलेली, वळणावर गाठ नाही.

"तीन बागा फिरलो," तो म्हणाला. "आता यातून चमचा नाही निघाला तर मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही. खरं म्हणजे तुम्ही मला दाखवू नका."

मामांनी फांदी उभी धरली. वळणाच्या अंगाने कुऱ्हाडीचं पातं लावलं आणि मागून लाकडी ठोकळ्याने मारलं. ओली तुती आवाज न करता उकलली. दोन फाळ्या. आत पिवळं धमक लाकूड. ताजी तुती आतून अशी पिवळी असते की रंग लावल्यासारखी वाटते. पुढे महिनाभरात ती तपकिरी होते.

दोन्ही फाळ्या त्यांनी जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या, कापलेली बाजू वर. जोडलेले हात उघडून ठेवावेत तशा त्या दिसल्या. एक इकडे वळलेली, एक तिकडे. एक उजवी, एक डावी.

एका फाळीतून आक्काचा चमचा निघणार होता. प्रश्न फक्त कोणत्या.

मामा आत गेले. आक्काच्या समोर खुर्ची ओढून बसले. तिच्या डाव्या हातात एक काठीचा तुकडा दिला. "जेवल्यासारखं कर."

"मी... नाटकात... नाही."

"कर गं."

तिने हात उचलला. मामा समोरून बघत होते. तिचा हात जिथे, तिथे समोर त्यांचा हात. त्यांनीही एक काठी उचलली आणि तिच्यासारखंच करून पाहिलं. हात वर, इथून वळण, इथे तोंड. मनगट न वळवता. तीनदा केलं. मग अंगणात येऊन फाळी उचलली. दुसरी बादलीत टाकली.

मंगळवारची दुपार आणि बुधवारची सकाळ त्यात गेली. कुऱ्हाडीने आकार, वाकसाने पाठ, सुरीने मान. पोट शेवटी, वाकड्या सुरीने, अंगठा कडेवर टेकवून, एका वेळी नखाएवढं. दांडा त्यांनी जाड ठेवला. आक्काची मूठ पुरी मिटत नव्हती, तेवढा जाड. पोट नेहमीपेक्षा उथळ, कारण तिचा वरचा ओठ उजवीकडे उचलत नव्हता. पातळ केला तर लवकर वाळेल म्हणून पाठ जितकी पातळ करता येईल तितकी केली. बुधवारी दुपारी चमचा त्याच्याच ढलप्यांत गेला. पंधरा दिवसांऐवजी तीन. मामांना ते पटत नव्हतं. रोज सकाळ-संध्याकाळ ते खोकं उघडून चमचा गालाला लावत. गालाला गार लागलं म्हणजे आत पाणी आहे. शनिवारी सकाळी गालाला गार लागलं नाही.

शेवटची सुरी फिरवली. कड हातानं पाहिली. मग सवयीप्रमाणे चमचा तोंडाशी नेला.

इतका बरोबर बसला की मामा एकटेच हसले. हात जरा वर उचलला की चमचा आपोआप तोंडात. मनगट हलवायला नको. एवढ्या वर्षांत इतका नेमका चमचा आपल्या हातून झाला नाही, असं त्यांना वाटलं.

शनिवारी भाचीला अर्धी सुट्टी होती. तिने सूप केलं. आक्काला उशांना टेकवून बसवलं, मांडीवर पाट, पाटावर वाटी. मामांनी चमचा पुढे केला.

आक्काने तो पाहिला. उलटा करून पाहिला. पाठीवरून अंगठा फिरवला. जुन्या गिऱ्हाइकासारखी, घाई न करता. मग डाव्या मुठीत धरला, वाटीत बुडवला आणि उचलला.

चमच्याचं पोट तिच्याकडे नव्हतं. पलीकडे होतं. समोर बसलेल्या मामांकडे.

सूप चमच्यातून पाटावर ठिबकत होतं. आक्काने एकदा चमच्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे.

"ढलप्या," ती म्हणाली. "हा... तुझ्याकडे... बघतोय."

मामा पाटावरचं सूप पुसू लागले.

"भरवू... तुला?"

आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ती हसली. अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. भाचीही हसायला लागली आणि हसता हसता स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. वाटीतलं सूप निवलं. आक्काने ते खाल्लं नाही.

मामा पत्र्याच्या खोलीत जाऊन ओंडक्यावर बसले. चमचा उजव्या हातात धरला. तोंडाशी नेला. बरोबर बसला. डाव्या हातात धरला. पोट पलीकडे.

उजव्या हाताने पाहिलं होतं. आक्कासमोर बसले तेव्हाही काठी उजव्याच हातात होती, तिच्या डाव्या हातासमोर, आरशात असते तशी. आणि शेवटची तपासणीही उजव्या हाताने. चाळीस वर्षं त्याच हाताने, त्याच तोंडाशी. नवशिक्यालासुद्धा फाळी उचलायच्या आधी दोनदा बघायला ते सांगत. "लाकूड माफ करतं," ते म्हणत, "पण उलटं कोरलेलं सरळ करत नाही."

दुपारभर ते तिथेच होते. भाची चहा घेऊन आली.

"मामा, होतं असं. चहा घ्या."

"माझ्याकडून नाही होत."

"मग आजपासून होतं. घ्या." ती दारात थांबली. "मी आईला उद्या पुन्हा भरवून बघते. डॉक्टरांसमोर तरी उघडेल तोंड."

"नाही उघडणार."

"हो," भाची म्हणाली. "नाही उघडणार."

मग तिचं लक्ष बादलीकडे गेलं. "ते काय आहे पिवळं?"

मामांनी मान वळवली. फाळी पाण्यात बुडलेली होती. डावी. चार दिवस पाण्यात राहूनही कापलेल्या दिवशीसारखीच पिवळी. चहा तसाच राहिला.

रविवारी उजाडताच ते बसले. या वेळी खडूने फाळीवर खुणा केल्या. चमच्याच्या पोटाच्या जागी लिहिलं, आक्का. दांड्याच्या जागी लिहिलं, डावा. शाळेतल्या मुलासारखं. खडू जिथे उडे तिथे पुन्हा लिहीत. पहिला चमचा समोर ठेवला होता, आणि त्याच्या नेमका उलट दुसरा निघत होता, जणू पहिलाच पाण्यात दिसतोय. दुपारी मान झाली. ऊन उतरेपर्यंत पोट झालं. तोंडाशी नेताना त्यांनी चमचा मुद्दाम डाव्या हातात घेतला. तो हात असल्या कामाला कधी वापरलेला नव्हता. चमचा आधी हनुवटीला लागला. मग ओठाला. मग बरोबर बसला.

चमचा तयार होता, पण ओला. गालाला लावला तर गार. तो ढलप्यांत ठेवून ते जेवायला गेले.

सोमवारी अकरा वाजता भाची खोलीत आली. तिने रजा घेतली होती.

"द्या, मामा."

"ओला आहे."

"आज सोमवार आहे."

"अगं, ओला आहे. तोंडात कच्च्या लाकडाची चव उतरेल. कडेला लाकडाचे केस उभे राहतील, जिभेला टोचतील. दोन दिवसांत वाकेल, चार दिवसांत चिरेल. मी असा चमचा कधी कुणाला..."

"मामा, डॉक्टर बारा वाजता येतात."

"त्यांना म्हणावं गुरुवारी या."

"काय सांगू? चमचा वाळतोय?"

आक्काच्या पलंगाची खिडकी अंगणाकडे उघडत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"ढलप्या!"

दोघेही थांबले. खिडकीतून तिचं डोकं दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. एकेक शब्द.

"सूप... काय... कोरडं... असतं?"

भाचीने तोंडावर हात धरला. मामा खिडकीकडे बघत राहिले. मग त्यांनी खोकं उघडलं, ढलप्या झटकल्या, चमचा काढला. कडेवरचे उभे राहिलेले केस सुरीच्या पाठीने दाबून बसवले. एकदा, दोनदा. आणि तो ओला चमचा पत्र्याच्या खोलीच्या दारातून बाहेर नेला.

डॉक्टर बाराला दहा मिनिटं असतानाच आले. खुर्ची घेतली. "हं, चालू द्या," म्हणाले, आणि घड्याळ पाहिलं.

पाट, वाटी, गळ्याशी टॉवेल. आक्काने चमचा मुठीत धरला. बुडवला. उचलला. पोट तिच्याकडे होतं. हात वर येताना थरथरला आणि अर्धं सूप टॉवेलवर सांडलं. उरलेलं अर्धं ओठापर्यंत पोचलं. डावीकडच्या ओठाने तिने ते ओढून घेतलं. गिळलं.

भाचीचा हात पुढे झाला. मामांनी तिचं मनगट धरलं.

दुसरा चमचा सगळा सांडला. तिसरा सगळा गेला. चौथ्याला आक्का थांबली, दम खाल्ला, चमचा वाटीच्या कडेला टेकवून ठेवला. डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. आक्काने त्यांच्याकडे पाहिलं. खानावळीत पान उचलायची घाई करणाऱ्याकडे ती असंच बघत असे. डॉक्टरांनी हात खाली घेतला.

बत्तीस मिनिटं लागली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. चमचा वर जाई तेव्हा त्यांचंही तोंड थोडं उघडे, आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

वाटी अर्ध्याच्या खाली गेली. आक्काने चमचा आत सोडला.

"कच्चं... लागतं," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी वाटी उचलून पाहिली. मग चमचा उचलला, बोटांनी चोळला. "हा ओला आहे का?"

"हो. चूक झाली," मामा म्हणाले.

"चूक... नाही," आक्का म्हणाली. "घाई."

डॉक्टरांना दोन्हींतला फरक कळला की नाही कुणास ठाऊक. त्यांनी कागदावर काही लिहिलं. नळीचं आत्ता नको, म्हणाले. दिवसातून चारदा असं खाल्लं पाहिजे. पंधरा दिवसांनी वजन करू. जाताना दारात थांबून त्यांनी पत्र्याच्या खोलीकडे पाहिलं, आणि असे आणखी होतील का, म्हणून विचारलं. त्यांच्याकडे अशी माणसं बरीच होती.

"होतील," मामा म्हणाले. "वाकडी फांदी मिळाली तर. आणि पंधरा दिवस थांबलात तर."

आक्का चारदा खाऊ लागली. मंगळवारी सूप, बुधवारी मऊ भात कुस्करून. भाताला वेळ लागे, पण भात सांडत नसे. मामा समोर बसून जेवत. त्यांच्या हातात पहिला चमचा असे, तो उलटा झालेला. उजव्या हाताला तो बरोबर होता. दोन वाट्यांवर दोन चमचे, एक इकडे वळलेला, एक तिकडे.

"जुळी पोरं," भाची म्हणाली.

"थोरला... माठ," आक्का म्हणाली.

गुरुवारी दुपारी ती जेवून झाल्यावर भिंतीवरच्या जुन्या डावाकडे बघत होती. बराच वेळ.

"ढलप्या. डाव कर."

"कसला डाव?"

"डावा."

"आता गं कुणाला वाढणार आहेस?"

आक्काने भाचीच्या रिकाम्या ताटाकडे बोट केलं, मग मामांच्या. मामा उठले. मोठ्या डावाला मोठं वळण लागतं. दंडाएवढी जाड फांदी. छाटणीवाला आता खरंच तोंड दाखवणार नाही, असं मनात म्हणत ते अंगणात आले.

तेवढ्यात आतून आवाज आला. टक्.

ते परत आत धावले. पाटावर आक्काचा चमचा पडला होता. दांड्याच्या टोकापासून वर, बोटभर लांब, केसासारखी चीर. मानेपर्यंत पोचली नव्हती. पोट शाबूत होतं.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "म्हणून म्हणत होतो. आण इकडे. दुसरा करतो, नीट वाळवून. तोवर हा चुलीत जाऊ दे."

त्यांनी हात पुढे केला. आक्काने चमचा डाव्या मुठीत घट्ट धरला. मूठ पुरी मिटत नव्हती, तरी सुटेना.

"आक्का, सोड."

"तार," ती म्हणाली. "तार आण."